फ्लिप-फ्लॉप चाकजोडी: जुन्या स्टील फ्रेमला घ्यावी का?

निकाल आधी सांगतो. फ्रेम सरळ आणि गंजापासून वाचलेली असेल, रोजचा रस्ता बहुतेक सपाट असेल आणि पुढे धड ब्रेक बसवायची तयारी असेल, तर जुन्या स्टील सायकलीवर करण्याजोगा सगळ्यात चांगला खर्च म्हणजे ही चाकजोडी. मात्र खोक्यातून काढली, आवळली आणि निघालो, अशी ही वस्तू नाही. पहिला दिवस चाके उघडण्यात, ग्रीस भरण्यात आणि तारा ताणण्यात जातो. तो घालवायचा नसेल तर पैसे जपून ठेवलेले बरे.

फ्लिप-फ्लॉप म्हणजे मागच्या हबला, चाकाच्या मधल्या तुंब्याला, दोन्ही बाजूंनी आटे. एका बाजूला ट्रॅक सायकलीसारखी फिक्स चक्री बसते, म्हणजे चाक फिरतेय तोवर पायडलही फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. दुसऱ्या बाजूला साधे सिंगल स्पीड फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरत राहते. चाक काढून उलटे घातले की सायकल बदलते. बाजारात येणाऱ्या जोड्या बहुतेक ७०० सी अलॉय रिमच्या, ३२ तारांच्या आणि नटाने आवळायच्या एक्सलच्या असतात. रिम दोन तऱ्हेची: बुटकी चौकोनी, किंवा चाळीसेक मिमी खोल. खोल रिम दिसायला रुबाबदार, पण बुटकी घ्या. पावसाळ्याआधीच्या वावटळीत किंवा शेजारून ट्रक गेला की खोल रिमचे पुढचे चाक हँडल ओढते. शिवाय तिला लांब नळीच्या व्हॉल्व्हची ट्यूब लागते आणि ती तालुक्याच्या गावी मिळेलच याचा भरवसा नाही. ३६ तारांची जोडी मिळाली तर डोळे झाकून तीच.

भाव विचारताना त्यात फिक्स चक्री, लॉकरिंग (चक्री सुटू नये म्हणून तिच्यावर आवळायचे कडे), फ्रीव्हील आणि रिम टेप धरलेली आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी नुसती चाके दाखवतात आणि बाकीच्या सामानाचा हिशेब नंतर निघतो.

आधी फ्रेम मोजा

मागच्या दोन ड्रॉपआउटमधले, म्हणजे एक्सल ज्यात बसतो त्या खाचांच्या पट्ट्यांमधले, आतले अंतर व्हर्नियरने मोजा. ट्रॅक हब १२० मिमीचा असतो. जुन्या पाच गिअरच्या रोड फ्रेमचे अंतर तेवढेच, त्यात चाक सरळ बसते. सहा-सात गिअरच्या फ्रेमला १२६ आणि त्यापुढच्यांना १३०. १२६ च्या फ्रेममध्ये नट आवळून दांड्या आत ओढू नका. दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे वॉशर घाला. वाळूज किंवा जालन्याच्या एमआयडीसीत कुठलाही लेथवाला १० मिमी भोकाचे असे वॉशर काढून देतो. वॉशर दोन्हीकडे सारखेच हवेत. सगळे एकाच बाजूला घातले तर रिम मध्यावर राहत नाही आणि मग तारा ओढून चाक सरकवावे लागते. वॉशर घातल्यावर नट एक्सलवर पूर्ण चढतोय ना, तेवढे पाहा. अर्ध्या आट्यांवर धरलेला नट फिक्सच्या झटक्याला टिकत नाही.

मग ड्रॉपआउटची खाच पाहा. ती आडवी किंवा तिरकी आडवी हवी, म्हणजे चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणता येते. उभी खाच असेल तर ही चाकजोडी विसरा. फ्रीव्हीलसाठी चेन टेन्शनर लावून भागवता येते, पण फिक्सला टेन्शनर चालत नाही. पाय मागे दाबले की चेनची खालची बाजू ताणते आणि टेन्शनर उपटून निघतो.

दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीवर ही चाके बसवायची हौस अनेकांना असते. बसतात, पण काम वाढते. त्या सायकलीचे २८ बाय दीडचे चाक म्हणजे टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिमी, ७०० सीचा ६२२. म्हणजे रिम साडेसहा मिमी खाली जाते. सळईचा ब्रेक रिमला आतून दाबतो, तो या नव्या रिमवर चालणारच नाही. पुढच्या चिमट्याची खाच ५/१६ इंचाच्या एक्सलसाठी असते, म्हणजे जेमतेम ८ मिमी, आणि ट्रॅकच्या पुढच्या हबचा एक्सल ९ मिमीचा. मागे ३/८ इंच म्हणजे साडेनऊ, तिथे १० मिमीचा एक्सल. दोन्हीकडे कानस चालवावी लागते. खाचेच्या दोन्ही कडा सारख्या घासा आणि खाचेचा तळ अजिबात खोल करू नका. एका बाजूचा तळ मिलिमीटरभर जास्त घासला गेला की चाक कायमचे तिरके बसते आणि मग कारागीर बिचारा तारांना दोष देत बसतो. चिमट्याच्या टोकांतले अंतरही १०० मिमीहून कमी निघू शकते. स्टीलचा चिमटा थोडा फाकवता येतो, पण दोन्ही पाय सारखे.

फ्रेम सरळ आहे का हे दोऱ्याने कळते. एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीटची नळी आणि दोरा यांतले अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक एका मिमीच्या आत असेल तर पुढे चला. जास्त असेल तर स्टील थंड स्थितीतच वाकवून सरळ करता येते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमशी हा खेळ करायचा नसतो, तिथे भेग पडते. ड्रॉपआउट फुटलेला किंवा जोडाजवळ चीर असेल तर मात्र रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका. जालना पोलादाचे शहर खरे, पण तिथे निघते ती बांधकामाची सळई आणि तिथल्या हातांना सवयही तीच. सायकलीची नळी पातळ भिंतीची असते, आर्कच्या ठिणगीने ती जळून भोक पडते. जुन्या जोडांना पितळेचाच डाग हवा, गॅसच्या ज्योतीवर दिलेला.

चाक उघडा

मागचे चाक हातात धरून एक्सल बोटांनी फिरवा. खरखर लागली किंवा घट्ट वाटले तर कोन (एक्सलवरचे, छर्रे दाबून धरणारे नट) जास्त आवळलेले आहेत. खडखड वाटली तर सैल. आणि गुळगुळीत फिरले तरी उघडा, कारण स्वस्तातल्या हबमध्ये ग्रीस केवळ नावाला असते. छर्‍यांचा हब असेल तर पुढे बाजूला १० छर्रे ३/१६ इंचाचे आणि मागे बाजूला ९ छर्रे १/४ इंचाचे, हा सर्वसाधारण हिशेब. पिंजरा असेल तर तो काढून सुटे छर्रे भरलेले चांगले, भार जास्त छर्‍यांवर वाटला जातो. वाटी अर्धी भरेल एवढे ग्रीस घाला आणि छर्रे त्यात बसवा. कोन आवळताना चाक फ्रेमबाहेर असताना अगदी किंचित खेळ ठेवा. नट आवळल्यावर तो खेळ निघून जातो.

बंद बेअरिंगचा हब असेल तर उलट सोपे. बेअरिंगच्या रबरावर आकडा असतो. ६००० म्हणजे आतला व्यास १०, बाहेरचा २६, जाडी ८ मिमी. ६००१ म्हणजे १२, २८, ८. ही बेअरिंगे पंपाच्या आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतात, सायकलच्या दुकानाची वाट पाहायला नको. मागताना आकड्यापुढे ‘टूआरएस’ म्हणा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याचे झाकण, ते आपल्या फुफाट्यात टिकत नाही. नवे बेअरिंग बसवताना ठोकायचे ते बाहेरच्या कड्यावर. जुने बेअरिंग मध्ये धरून ठोकले की काम सरळ होते. आतल्या कड्यावर ठोकलात तर नवे बेअरिंग त्याच मिनिटाला जुने झाले म्हणून समजा.

मोटारसायकल धुतात त्या प्रेशरच्या पाण्याने हब धुऊ नका. सील धूळ अडवते, पाण्याचा झोत अडवत नाही.

तारांचे म्हणाल तर कारखान्यात बांधलेली चाके सहसा सैल येतात. फ्लिप-फ्लॉपच्या मागच्या चाकाचा एक मोठा गुण म्हणजे ते दोन्ही बाजूंनी सारखे असते. गिअरच्या चाकात उजवीकडच्या तारा ताठ आणि डावीकडच्या ढिल्या ठेवाव्या लागतात, इथे तसे नाही. म्हणूनच हे चाक भार आणि खड्डे जास्त सोसते. पण सारखेपणाचा फायदा ताण सारखा असेल तरच मिळतो. तारा बोटाने छेडा. एकाच बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जवळपास एक यायला हवा. ज्या दोन तारांचा सूर पडतो तिथेच पुढे चाक आऊट होणार. ताणून झाल्यावर शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबा, टकटक आवाज येईल. मग पुन्हा आऊट काढा. हे न करता चाक रस्त्यावर नेले तर ती टकटक रस्त्यात होते आणि चाक पहिल्याच आठवड्यात वाकडे दिसते. या कामाला जुन्या काळ्या सायकलींवर हात बसलेला कारागीर सर्वांत उत्तम. नांदेड, परभणी, लातूरच्या जुन्या पेठांत असे हात अजून आहेत. त्यांच्याकडे लॉकरिंगचा हूक पाना आणि चेनव्हिप (चक्री धरून फिरवायचा, चेनचा तुकडा लावलेला दांडा) मात्र नसतो, तो आपला आपण न्यावा.

चक्री, लॉकरिंग आणि घात होतो ती जागा

फिक्स बाजूला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आटे, सरळ. तिच्यावर चक्री. बाहेरची लहान, १.२९ इंच, तीही २४ आट्यांची, पण उलट्या आट्यांची. तिच्यावर लॉकरिंग. पाय मागे दाबले की चक्री सुटायला पाहते आणि त्याच फिरण्याने लॉकरिंग आणखी आवळली जाते. एवढी साधी युक्ती, आणि फिक्सचा सगळा भरवसा तिच्यावर.

फ्रीव्हीलच्या बाजूलाही आटे १.३७ इंचाचेच, त्यामुळे फिक्स चक्री तिथेही चढते. चढते म्हणून चढवू नका. तिथे लॉकरिंगची पायरीच नाही. बीबीची (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकच्या मधल्या एक्सलचा जोड) जुनी लॉकरिंग तिथे बसते हे खरे, कारण तिचेही आटे तेच. पण ती सरळ आट्यांची असल्याने चक्रीबरोबरच सुटते. घट्ट धरणारा डिंक लावून ही जोडणी चालवणारे भेटतात. फ्रीव्हीललाच वेल्डिंगचा डाग देऊन फिक्स करणारेही. दोन्ही गोष्टी उतारावर, पायांनी गाडी रोखायच्या क्षणीच दगा देतात.

बसवायची रीत अशी. आटे घासलेटने स्वच्छ करा, ग्रीस लावा. चक्री हाताने शेवटपर्यंत चढली पाहिजे. अर्ध्यात अडली तर जबरदस्ती नको, हबचे आटे ॲल्युमिनियमचे असतात आणि एकदा खाल्ले की हब गेला. मग चेनव्हिपने शक्य तेवढी आवळा. नंतर लॉकरिंग हूक पान्याने. छिन्नी-हातोडीने लॉकरिंग ठोकायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, तिच्यामुळे खाचा बोथट होतात आणि पुढच्या वेळी ना ती आवळता येते ना सोडवता. यानंतर फ्रीव्हील न लावता एखाद्या चढावर उभे राहून जोर लावत सायकल चालवा. चक्री आणखी थोडी फिरून बसते आणि लॉकरिंग ढिली पडते. ती परत आवळा. हा शेवटचा टप्पा गाळला जातो आणि मग लोक म्हणतात हब खराब निघाला. चक्री आणि लॉकरिंग स्टीलची घ्या. इथे ॲल्युमिनियमने वाचलेले पंचवीस-तीस ग्रॅम कुठेच कळत नाहीत.

चेनलाइन

पुढच्या चेनव्हीलचे दात आणि मागच्या चक्रीचे दात फ्रेमच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. ट्रॅक हबचा आकडा ४२ मिमी. मागे मोजायचे तर १२० चे अर्धे ६०, त्यातून लॉकनटच्या (हबच्या टोकाला फ्रेमला टेकणाऱ्या नटाच्या) बाहेरच्या कडेपासून चक्रीच्या दातापर्यंतचे अंतर वजा करा. ते १८ निघाले की ४२ जमले. १२६ च्या फ्रेममध्ये वॉशरची बाहेरची कड धरून ६३ वजा २१, उत्तर तेच. वॉशर दोन्हीकडे सारखे असल्याने चेनलाइन हलत नाही.

पुढे मोजायला सीटच्या नळीचा व्यास घ्या. जुन्या रोड फ्रेमची नळी सहसा २८.६ मिमी, अर्धे १४.३. म्हणजे नळीच्या उजव्या कडेपासून दाताच्या मध्यापर्यंत २७.७ मिमी हवेत. मिलिमीटरभर इकडे-तिकडे चालते. त्यापलीकडे गेले की चेन कुरकुरते, दात एका बाजूने झिजतात, आणि फिक्सवर चेन उतरली तर ती मागच्या चाकात अडकून चाक जागीच बांधते.

अंतर जमत नसेल तर बदलायचा तो बीबीचा एक्सल. चौकोनी टोकाचे बंद बीबी ११०, ११३, ११८, १२२.५ अशा वेगवेगळ्या लांबीत मिळते. लांबी २ मिमीने बदलली की चेनव्हील १ मिमी सरकते. बीएसए आट्यांच्या ६८ मिमी शेलमध्ये (फ्रेमच्या ज्या नळीत बीबी बसते तिच्यात) उजवीकडची वाटी उलट्या आट्यांची असते, हे विसरून तिच्यावर पान्याला पाइप लावणाऱ्यांनी कितीतरी फ्रेम घालवल्या आहेत. जुनी वाटी गंजून बसली असेल तर रात्रभर तेल सोडा आणि पाना शिकंज्यात पकडून फ्रेमच फिरवा. कॉटर पिनचे क्रँक ठेवायचे असतील तर ठेवा, पण त्यांचे दाबून बसवलेले चेनव्हील क्वचितच पूर्ण गोल फिरते. फिक्सला ते गोल हवेच, नाहीतर चेन एका ठिकाणी ताठ आणि अर्ध्या फेरीनंतर लोंबती. बोल्टने बसणारे चेनव्हील असेल तर बोल्ट जरा ढिले करून लाकडी ठोकळ्याने हलके ठोकत मध्यावर आणता येते.

चेनचा ताण सगळ्यात ताठ जागी पाहायचा. मधोमध बोटाने वर-खाली हलवली तर एकूण १० ते १२ मिमी हलली पाहिजे. ताठ ठेवली तर बीबी आणि हब दोन्ही रडतात. मागचे नट १५ मिमीच्या पान्याने, दोन्ही बाजू आलटून पालटून आवळा. चेन १/८ इंच रुंदीची घ्या, ती काळ्या सायकलीचीच असते आणि कुठेही मिळते. चेनलॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवा. पट्टीने एका पिनेपासून पुढच्या २४ व्या पिनेपर्यंत मोजा: नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच. १/१६ इंच वाढली की बदला, नाहीतर ती चक्रीलाही सोबत घेऊन जाते.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहिण्यासारखी: फिक्स बाजू लावलेली असताना चाक फिरवत चेनवर फडके धरू नका. फडके ओढले जाते, मागोमाग बोट. फ्रीव्हीलमध्ये चेन थांबते, फिक्समध्ये चाकाचा सगळा वेग बोटावर येतो. तेल-फडक्याचे काम चाक हातानेच कडी-कडी सरकवत करा. चालवताना लेस आत खोचा, पायजम्याची उजवी बाजू बांधा. ओढणी असेल तर ही सायकल चेनकव्हरशिवाय नकोच.

किती दात

आपल्या काळ्या सायकलीला सहसा पुढे ४४, मागे १८. ७०० बाय ३२ टायरचा घेर सुमारे २१५५ मिमी, म्हणजे पायडलच्या एका फेरीत साधारण ५.२७ मीटर. गोदावरीकाठच्या सपाटीला फिक्ससाठी ४६ बाय १८ चांगले: ५.५ मीटर, आणि मिनिटाला ८० फेऱ्यांनी ताशी २६ किमी. ४६ बाय १६ घेतले तर तोच पाय ताशी ३० च्या आसपास नेतो. पण छत्रपती संभाजीनगर ते पैठणच्या रस्त्यावर समोरून वारा लागला की त्याचा पश्चात्ताप होतो. फ्रीव्हीलच्या बाजूला एक-दोन दात जास्तीचे ठेवा. खुलताबादच्या घाटासाठी किंवा मांजरसुंब्यासाठी तीच बाजू वळवून घ्यायची.

४८ बाय १६ मात्र टाळा. गुणोत्तर बरोबर ३, म्हणजे पाय अडवून चाक घसरवले की टायरची दरवेळी तीच एक जागा जमिनीवर येते आणि तिथेच टायर फाटतो. ४६ बाय १७ मध्ये हे घासणे १७ जागी वाटले जाते, ४६ बाय १८ मध्ये ९ जागी. गणित सोपे: अपूर्णांक लहानात लहान करा, खालचा आकडा म्हणजे जागा.

क्रँक १६५ मिमीचे घ्या. वळणावर फिक्सचे पायडल खाली जाणारच, लांब क्रँक असेल तर ते रस्त्याला टेकते. गतिरोधकांवरही तेच, आणि आपल्याकडचे गतिरोधक कुणाच्या मापाने बांधतात ते बांधणारालाच ठाऊक.

ब्रेक

ट्रॅकवर ब्रेक नसतो, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि मध्येच म्हैस येत नाही. रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच. फ्रीव्हीलची बाजू वापरणार असाल तर मागचाही. चिमट्याच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या ब्रेकपट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. ३९ ते ४९ मिमी असेल तर साधा रोड कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक), ४७ ते ५७ असेल तर लांब हाताचा. काळ्या सायकलीत अंतर याहूनही जास्त भरते, तिथे जुन्या पद्धतीचा आणखी लांब हाताचा कॅलिपर शोधावा लागतो. भोक फक्त मडगार्डसाठी पाडलेले असेल तर त्याचा व्यास आणि सरळपणा आधी पाहा. चाकजोडीसोबत अलॉय रिम येते हा ब्रेकच्या बाजूने मोठा फायदा. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक दाबणे म्हणजे नुसता आवाज करणे.

आपल्या रस्त्यांवर

२५ चा टायर दिसतो छान, पण साइडपट्टीवर उतरावे लागले की मुरमात रुततो. फ्रेममध्ये मावत असेल तर ३२ घ्या, किमान २८. टायर आणि फ्रेम यांत सर्व बाजूंनी ८ मिमी तरी मोकळे हवेत. पहिल्या पावसात शेतातून ट्रॅक्टरने आणलेली काळी माती रस्त्यावर असते. ती टायरला चिकटते, फ्रेमच्या मागच्या दांड्यांना जोडणाऱ्या आडव्या पुलाखाली साठते आणि उन्हात वाळून विटेसारखी होते. फ्रीव्हीलवाला निदान पाय थांबवून उतरतो, फिक्समध्ये चाक अडले की पायही अडतात.

काटे दोन जातींचे: कडेचा सराटा आणि वेड्या बाभळीचा. सराटा बहुधा टायरात अडकून हळूहळू हवा सोडतो, बाभळीचा काटा थेट आत. टायर आणि ट्यूब यांच्यात रबरी पट्टी घाला. पंक्चर काढताना टायरच्या आतून कापूस फिरवा, धागा अडेल तिथे काटा. मागचे चाक नटाचे असल्याने १५ चा पाना सायकलवरच बांधून ठेवा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे तो पाना असतो, फिक्सची चेन परत नीट ताणून द्यायचा अनुभव असेलच असे नाही.

उन्हाळ्यात पहाटे ८० पीएसआय हवा भरून निघालात आणि टायर वीस अंशांनी तापला, तर हवा ८६ च्या घरात जाते. फुटण्याइतके हे नाही, पण टायर टणक होतो. एप्रिल-मेमध्ये ७० ते ७५ भरा. ऊसतोडीच्या दिवसांत दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे वाऱ्याच्या आडोशाला राहायचा मोह आवरा. त्याचे ब्रेकलाइट लागत नाहीत आणि वरून ऊस पडतो.

फिक्समध्ये पाय पायडलला बांधलेले हवेत, पट्टा किंवा टोक्लिप काहीही चालेल. उतारावर पाय सुटला तर फिरते पायडल पुन्हा पकडता येत नाही, ते नडगीवर येते. घाट उतरताना वेग पायाने नाही, ब्रेकने आणि सुरुवातीलाच रोखा. ४६ बाय १८ वर ताशी ४० म्हणजे मिनिटाला १२० फेऱ्या, आणि त्यापुढे बहुतेकांचे पाय सायकलीच्या मागे पडू लागतात.

घाटाच्या बाजूला, चौक्याकडे किंवा बालाघाटात राहणाऱ्यांनी आणि उभ्या खाचेची फ्रेम असलेल्यांनी ही जोडी घेऊ नये. त्यांनी त्याच पैशांत १२६ मिमीचे साधे आट्यांचे मागचे चाक आणि १४ ते २८ चे सात गिअरचे फ्रीव्हील घ्यावे. ते स्टील फ्रेममध्ये तितकेच नीट बसते आणि सुटे भागही जास्त ठिकाणी मिळतात. बाकीच्यांनी चाके मागवताना एक नग लॉकरिंग आणि एक १८ दातांची चक्री जास्तीची मागवावी. चाकजोडी पुण्या-मुंबईहून येते तशी तीही तिथूनच येते, आणि दोन वेळा कुरिअरचे पैसे देण्यात अर्थ नाही.